स्नीकर्सचा नाद पोटापाण्याला लावता येतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४, सहा वर्षांत सत्तरेक जोड्या जमवल्यात, नोकरी आहे पण तिच्यात जीव रमत नाही, तर आता रिसेलिंगमध्ये, म्हणजे बूट घेऊन चढ्या भावाने परत विकण्याच्या धंद्यात, फुल टाइम उतरावं का, की या नादातून दुसरं काही करिअर उभं राहू शकतं, आणि भांडवल म्हणून घरात पडून असलेली १९९९ च्या जॉर्डन ४ ची (नाईकीच्या जॉर्डन मालिकेतला बूट) न घातलेली जोडी विकावी का.

जॉर्डनचं शेवटी सांगतो. आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुझं तू ठरव. पंधरा वर्षं या भानगडीत आहे. पहिली काही वर्षं नुसता जमवत होतो, मग चार वर्षं रिसेलिंग केलं, त्यात हात पोळले, मग जुने बूट साफ करणं-दुरुस्त करणं म्हणजे ज्याला सगळे रिस्टोरेशन म्हणतात ते शिकलो, आणि गेली सहा वर्षं मुख्य काम लेजिट चेकचं, म्हणजे बूट खरा का खोटा ते बघून सांगायचं. घर यावरच चालतं. श्रीमंत वगैरे झालेलो नाही.

तर भावा, रिसेलिंगचा हिशोब आधी कागदावर मांडून बघ कारण बाहेरून फक्त विकलेली किंमत दिसते. समजा एक जोडी १०० ला घेतली आणि १४० ला विकली. ऐकायला ४० सुटले. आता प्लॅटफॉर्मचं कमिशन आणि पेमेंटचा चार्ज मिळून १२-१३ टक्के धर, म्हणजे १८ तिथेच गेले, पॅकिंग आणि कुरिअरचे ६ धर, राहिले १६. हे झालं चांगल्या जोडीचं. दहा जोड्यांत दोन तरी अशा निघतात की साइज चालत नाही किंवा भाव पडतो आणि त्या ९० ला काढाव्या लागतात, त्यात प्रत्येकी २८ चा फटका. आठ जोड्यांचे १२८ आले, दोन जोड्यांनी ५६ खाल्ले, म्हणजे १००० गुंतवून, दोन-तीन महिने अडकवून, हातात आले ७२. यातून टॅक्स जायचाय अजून आणि तू रात्री जागून ड्रॉपची, म्हणजे नवा बूट विक्रीला येण्याची, वाट बघितलीस, ग्राहकांच्या मेसेजला उत्तरं दिलीस त्याची मजुरी तर कुणी धरतच नाही.

बरं हे सगळं जमलं तरी माल किती यायचा ते तुझ्या हातात नाही, कंपनीच्या हातात आहे. नाईकीच्या पांढऱ्या-काळ्या डंक लो चं उदाहरण घे, ज्याला सगळे पांडा म्हणतात, २०२१ मध्ये आला तेव्हा मूळ किमतीच्या कितीतरी वर भाव होता, मग नाईकीने तो परत परत इतका आणला की रिसेलचा भाव घसरत घसरत दुकानाच्या भावाला टेकला. ज्यांनी खोलीभर साठवून ठेवले होते ते बसले. यीझी, म्हणजे अदिदासने रॅपर कान्ये वेस्टबरोबर काढलेले बूट, ते साठवणाऱ्यांचं तर एका दिवसात काहीच्या काही झालं, २५ ऑक्टोबर २०२२ ला अदिदासने कान्ये वेस्टबरोबरचा करार तोडला, काहींना वाटलं आता माल बंद म्हणजे भाव चढणार म्हणून अजून भरले आणि २०२३ मध्ये कंपनीनेच उरलेला स्टॉक बाजारात आणला. माझं स्वतःचं सांगतो, एका कलरवेच्या, म्हणजे रंगसंगतीच्या, मी ४० जोड्या धरून बसलो होतो, एकच मॉडेल एकच रंग, मूर्खपणा नुसता, आणि एका सकाळी रिस्टॉकची, म्हणजे तोच माल परत येणार असल्याची, बातमी. ते बॉक्स काढायला मला १४ महिने लागले. मधल्या काळात पलंगाखालचे बॉक्स बघून बायको काही बोलायची नाही हेच जास्त लागायचं.

आणि एक पथ्य आत्ताच बांधून घे, हातात नसलेल्या जोडीचे पैसे कधीही घ्यायचे नाहीत. अमेरिकेत ऑरेगनमधला एक मोठा रिसेलर याच मार्गाने बुडाला, २०२१ च्या जॉर्डन ११ कूल ग्रे च्या ६,००,००० हून जास्त जोड्यांची प्रीऑर्डर घेऊन बसला आणि प्रत्यक्षात मिळवू शकला जेमतेम ६,००० च्या वर, २०२२ मध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला उभा राहिला. असा माणूस पहिल्या दिवशी चोर नसतो, आधीच्या ऑर्डरी पुढच्या ऑर्डरींच्या पैशातून भागवायला लागतो आणि मग थांबता येत नाही.

म्हणजे रिसेलिंग करूच नको असं म्हणत नाहीये. कर, पण दहा-बारा जोड्यांवर, नोकरी चालू ठेवून, शिकण्यासाठी. भाव कसा हलतो, कुठली साइज आधी जाते, ग्राहक कशाची तक्रार करतो हे विकल्याशिवाय कळत नाही.

आता खरा मुद्दा. या धंद्यात जे टिकले त्यांच्याकडे नीट बघ. जॉश लुबर आयबीएम मध्ये नोकरीला होता, स्वतः जमवणारा, त्याने २०१२ मध्ये कॅम्पलेस नावाची साइट काढली आणि त्यावर काय देत होता तर माहिती, कुठला बूट कितीला जातोय याचा डेटा. त्यातून पुढे २०१६ मध्ये स्टॉकएक्स हा बूट विकण्या-घेण्याचा ऑनलाइन बाजार उभा राहिला. गोट या तपासून बूट विकणाऱ्या ॲपचा एक संस्थापक दाइशिन सुगानो, याने हौसेने जॉर्डन ५ ग्रेप मागवले ते डुप्लिकेट निघाले, आणि त्या फसवणुकीतून कल्पना निघाली की मधे कुणीतरी तपासणारा पाहिजे, २०१५ ला गोट सुरू. जेसन मार्क ही कंपनी, २००७, साधं बूट साफ करायचं लिक्विड आणि ब्रश. फ्लाइट क्लब हे दुकान, २००५, न्यूयॉर्क, माल दुसऱ्याचा आणि फळी यांची, विकला गेला की कमिशन. यातल्या कुणाची कमाई स्वतःच्या कलेक्शनच्या भाव वाढण्यावर उभी नव्हती. जमवताना त्यांना जी अडचण आली, भाव कळत नाही, खोटा माल येतो, डाग निघत नाही, ती अडचण त्यांनी धंदा केली. तुला सहा वर्षांत कुठली अडचण वारंवार आली? त्याचं उत्तर तुझ्या सत्तर जोड्यांपेक्षा जास्त किमतीचं आहे.

माझ्यापुरतं म्हणशील तर मला दोन अडचणी यायच्या, सोल तुटायचे आणि खोटं ओळखू यायचं नाही. म्हणून त्या दोन्हींबद्दल जरा सविस्तर सांगतो, बाकीच्यांबद्दल धावतं.

रिस्टोरेशन. जुन्या बुटांचा मिडसोल, म्हणजे सोलचा मधला मऊ थर, बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो, पीयू म्हणतात, जॉर्डन ३, ४, ५ सगळे त्यातले. हवेतल्या ओलाव्याने पीयू आतून तुटत जातो, याला हायड्रॉलिसिस म्हणतात, आणि गंमत म्हणजे बॉक्समध्ये जपून ठेवलेल्या न घातलेल्या जोडीलाही हे चुकत नाही, उलट अधूनमधून घातलेली जोडी जास्त टिकते असा आमच्यातल्या बहुतेकांचा अनुभव आहे. बाहेरून नवाकोरा दिसणारा बूट, पायात घालून चार पावलं चाललं की सोलचा भुगा. म्हणून सोल स्वॅप नावाचा प्रकार आहे, त्याच मॉडेलच्या नव्या रेट्रोचा, म्हणजे कंपनीने परत काढलेल्या आवृत्तीचा, सोल काढायचा, जुन्याचा वरचा भाग म्हणजे अपर त्यावर बसवायचा. जुना गोंद पूर्ण खरवडणं, अपरला शिलाई ओढली जाणार नाही अशा बेताने मोकळं करणं, दोन्ही बाजूंना गोंद लावून योग्य वेळ वाळू देणं आणि मग गरम करून दाबणं, यातलं वाळू देणं नव्या माणसाला जमत नाही, घाई होते आणि महिन्याभरात पुढचा भाग तोंड उघडतो.

रंगकामाचंही तसंच. चामड्यावरचं कंपनीचं फिनिश आधी ॲसिटोनने किंवा डीग्लेझरने उतरवायचं, मग रंगाचे पातळ पातळ हात, पाच-सहा सुद्धा लागतात, अँजेलस नावाची १९०७ पासूनची कंपनी आहे तिचे रंग यात जवळपास सगळे वापरतात. जाड हात दिला की घडी पडते तिथे तडा. पिवळा पडलेला पारदर्शक सोल हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम लावून यूव्ही प्रकाशात ठेवून उजळता येतो, पण कमीजास्त लागलं तर पट्टे उठतात आणि काही महिन्यांनी पिवळेपणा परत डोकावतोच, हे ग्राहकाला आधी सांगायचं, नंतर सांगितलं की ते कारण वाटतं. मी दुसऱ्याच महिन्यात एका ग्राहकाच्या बुटावर ॲसिटोन वापरत होतो आणि एक थेंब टाचेजवळच्या पारदर्शक प्लास्टिकवर उडाला, काचेवर वाफ धरावी तसा पांढरा डाग, तो काही केल्या गेला नाही. पूर्ण पैसे भरून दिले. तेव्हापासून आधी सगळ्या बाजूंना टेप, आणि काम घेण्याआधी सहा बाजूंनी फोटो, आधीचे ओरखडे नंतर आपल्या नावावर लागू नयेत म्हणून. शिकायचं असेल तर स्वतःचे बीटर, म्हणजे रोज घासून घासून वापरलेले बूट, त्यांच्यावर शिक, निदान वीसेक जोड्या बिघडवल्याशिवाय दुसऱ्याची जोडी हातात घेऊ नकोस.

आता लेजिट चेक. लोकांना वाटतं याची काहीतरी गुप्त खूण असते, एक जागा बघितली की झालं. नसते तसं काही. आणि असली तर ती खोटं बनवणाऱ्यांनाही माहीत असते, पुढच्या बॅचमध्ये ते सुधारतात. मी जे करतो ते सांगतो. आधी आतल्या टॅगवरचा स्टाइल कोड आणि बॉक्सच्या लेबलवरचा कोड जुळतो का, नाईकीचा कोड साधारण सहा अक्षर-आकडे आणि पुढे रंगाचे तीन आकडे असा असतो, पांडाचा डीडी१३९१-१००. मग तो कोड खरंच याच मॉडेलचा आणि याच रंगाचा आहे का, कारण खोट्या टॅगवर कधीकधी खरा पण दुसऱ्याच बुटाचा कोड छापलेला असतो. मग टॅगवरच्या उत्पादनाच्या तारखा, बूट बाजारात आला त्याच्या आधीच्या पाहिजेत, पण उगाच दोन वर्षं आधीच्याही नकोत. हे सगळं पास झालं तरी मी खोटाच धरून चालतो. मग आकार, टो बॉक्सची, म्हणजे बोटांवरच्या भागाची, उंची, टाचेचा मागून दिसणारा बाक, इथे खोटे बूट अजूनही सापडतात कारण शिलाईची नक्कल सोपी आहे पण ज्या साच्यावर बूट ताणतात तो लास्ट हुबेहूब मिळवणं अवघड. मग इनसोल म्हणजे आतली गादी काढून खालचा गोंद आणि शिलाई, यूव्ही टॉर्चखाली कुठे आखणीच्या रेषा चमकतात का, आणि वास. हसू नकोस, नव्या बुटाच्या बॉक्सचा वास हा खरंच पुरावा आहे, प्रत्येक मॉडेलचा थोडा वेगळा असतो आणि तो शब्दात सांगता येत नाही, शंभर बॉक्स उघडले की नाक सांगायला लागतं.

आणि इथेच तुझ्या सत्तर जोड्या कामाला येतात. तपासणाऱ्याला नुसतं ज्ञान पुरत नाही, शेजारी ठेवून बघायला खरी जोडी लागते. म्हणून तुझ्या प्रत्येक जोडीची नोंद कर, कोड, तारीख, कुठून घेतली, बिल आहे का, आणि फोटो, टाच, टॅग, इनसोलखाली, बॉक्सचं लेबल, दोन्ही पाय वेगवेगळे, कारण एकाच जोडीतल्या दोन पायांतही फरक असतो आणि नवा तपासणारा तो फरक बघून खऱ्याला खोटं म्हणून बसतो. मी स्वतः एकदा बसलोय. खऱ्या जोडीला खोटं ठरवलं, विकणाऱ्याचा सौदा मोडला, आठवड्याने दुसरी तशीच दुकानातून घेतलेली जोडी हातात आली आणि कळलं की त्या बॅचची शिलाईच वाकडी होती. फोन करून माफी मागितली, काम फुकट करून दिलं, तरी तो माणूस परत आला नाही, बरोबरच आहे त्याचं. म्हणून तीन फोटो बघून निकाल देत जाऊ नकोस आणि १०० टक्के हा शब्द वापरू नकोस, एवढ्या मोठ्या स्टॉकएक्सने सुद्धा २०२२ मध्ये "व्हेरिफाइड ऑथेंटिक" मधला ऑथेंटिक काढून टाकला. या कामात नोकऱ्याही मिळतात बरं का, रिसेल प्लॅटफॉर्मच्या तपासणी केंद्रांत पगारावर माणसं घेतात, काम कंटाळवाणं आहे, दिवसभर तेच तेच बॉक्स, पण वर्षभरात नजर जी तयार होते ती घरी बसून दहा वर्षांत होणार नाही.

ब्रँडमध्ये नोकरी हे बऱ्याच जणांचं स्वप्न असतं. तिथे एक गैरसमज असा की मला सगळे कलरवे तोंडपाठ आहेत म्हणजे मला घेतील. पाठांतराला कुणी विचारत नाही. टिंकर हॅटफील्ड मूळचा आर्किटेक्ट, १९८१ मध्ये नाईकीत इमारतींच्या कामासाठी आला, पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरची पाइप-बिइप सगळं बाहेर दाखवणारी इमारत बघून त्याला सुचलं की बुटाच्या सोलमधली हवेची पिशवीसुद्धा बाहेरून दिसली पाहिजे, तो १९८७ चा एअर मॅक्स १. इंटरव्ह्यूत हा बूट कधी आला यापेक्षा तो असाच का झाला हे ज्याला बोलता येतं त्याला दार उघडतं. ड्वेन एडवर्ड्सचं तर मला फार आवडतं, एल ए गिअर कंपनीत कागदपत्रं लावणारा कारकून, वय १९, सूचनापेटीत रोज एक बुटाचं स्केच टाकायचा, रोज, महिनोन्महिने, शेवटी मालकाने बोलावून डिझायनर केलं, पुढे तो जॉर्डनसाठी बूट करत होता आणि २०१० मध्ये त्याने पेन्सोल नावाची बूट डिझाइनची शाळाच काढली. पण डिझायनरच व्हायला पाहिजे असं थोडंच आहे, मटेरियलवाले असतात, रंग ठरवणारे, कुठलं मॉडेल किती काढायचं ते बघणारे, दुकानांसाठी खरेदी करणारे बायर. एअर फोर्स १ आज दिसतोय तो बाल्टिमोरच्या तीन दुकानदारांच्या हट्टामुळे, १९८२ चा बूट नाईकी गुंडाळायच्या बेतात होती, यांनी नवीन नवीन रंग मागवून दर महिन्याला विकून दाखवले. त्यांना ग्राहक माहीत होता, बस.

फक्त एक लक्षात ठेव, ब्रँडची नोकरी आणि रिसेलिंग एकत्र चालत नाही. २०२१ मध्ये नाईकीतल्या एका व्हाइस प्रेसिडेंटला राजीनामा द्यावा लागला, मुलाचा रिसेलचा धंदा उघडकीला आला म्हणून. पुढे कंपनीत जायचा विचार असेल तर आत्तापासून कशात नाव लावतोयस ते बघ.

म्युझियमचं काम पण असतं, जागा थोड्या, पण असतं. टोरांटोचं बाटा शू म्युझियम, १९९५ मध्ये उघडलं, ते सोनिया बाटा यांच्या स्वतःच्या कलेक्शनवरच उभं आहे, आणि तिथल्या क्युरेटर एलिझाबेथ सेमेलहॅक यांनी २०१३ मध्ये फक्त स्नीकर्सचं मोठं प्रदर्शन मांडलं. इतिहास किंवा जतन-संवर्धन शिकायची तयारी असेल तर विचार कर, पीयू च्या भुग्याची डोकेदुखी तिथेही आहेच.

व्हिडिओ, रील्स वगैरे बद्दल फार बोलत नाही. नुसते बॉक्स उघडणारे हजार आहेत, सोल उघडून आत काय आहे ते दाखवणारे कमी. रिस्टोरेशन शिकत असशील तर बिघडलेलं कामही टाक, माझ्याकडे पहिली गिऱ्हाइकं त्यातूनच आली.

तुझ्या जागी मी असतो तर नोकरी वर्षभर तरी सोडली नसती, आणि दोन फळ्या वेगळ्या केल्या असत्या, एक माझी, एक धंद्याची, आणि धंद्याच्या फळीचा हिशोब वेगळ्या खात्यात. माझ्या फळीवरची जोडी वाईट महिन्यात विकायला काढायची नाही. मी काढल्या होत्या, त्या ४० बॉक्सच्या काळात, नऊ जोड्या गेल्या, त्यातली एक अजून शोधतोय आणि आता मला परवडत नाही. शनिवार-रविवारी ओळखीच्यांचे बूट साफ करून देण्यापासून सुरुवात कर, पैसे घे, थोडे का होईना पण घे, फुकट केलं की लोक चुका सांगत नाहीत.

आता तुझी जॉर्डन ४. १९९९ ची रेट्रो म्हणजे पंचवीस वर्षांच्या वरचा पीयू मिडसोल. पायात घालायची नाही, एकदा बघू म्हणूनसुद्धा नाही. अंगठ्याने दाबूनही बघू नकोस, टाचेजवळ रंगाला बारीक भेगा दिसतात का आणि बॉक्समध्ये कागदावर पिवळसर भुगा पडलाय का तेवढं बघ. विकायचीच असेल तर डेडस्टॉक, म्हणजे न घातलेली, असं लिहिताना त्याच ओळीत लिही की घालण्यालायक नाही, फक्त ठेवण्यासाठी किंवा सोल स्वॅपसाठी, नाहीतर घेणारा पहिल्याच दिवशी घालेल आणि संध्याकाळी तुला भुग्याचे फोटो पाठवेल. आणि ती व्हाइट सिमेंट कलरवेची असेल तर विकायच्या आधी थांब जरा, २०१२ किंवा २०१६ च्या रेट्रोची एखादी घासलेली पण सोल शाबूत असलेली जोडी स्वस्तात मिळते का बघ. स्वॅप शिकून झाल्यावर, त्या वीसेक जोड्या बिघडवून झाल्यावर, हिच्यावर हात टाक. तोपर्यंत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून बॉक्स कोरड्या जागी ठेव, पलंगाखाली नको.